नणंदेचं मशीन

तिसऱ्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडलं की डाव्या हाताचं शेवटचं दार. त्या दाराआडच्या खोलीत वहिनींनी एकोणीस वर्षं माणसांच्या रक्तवाहिन्या मोजल्या. रक्त नव्हे, रक्तवाहिन्या. हा फरक त्यांना आल्यागेल्याला समजावून सांगावा लागे, आणि तो सांगायचा त्यांना कधी कंटाळा आला नाही.

"बागेतली नवी रबरी नळी आठवा," त्या पेशंटला म्हणत. "मऊ असते. पाण्याचा धक्का आला की फुगते, धक्का अंगात जिरवते. तीच चार उन्हाळे बाहेर पडून राहिली की कडक होते. मग धक्का सुसाट पुढे जातो. तुमच्या नळ्या किती कडक झाल्यात, एवढंच मी बघणार. सुई नाही, टोचणं नाही. फक्त गप्प पडून राहायचं."

गप्प राहणं लोकांना सुईपेक्षा जड जायचं. दहा मिनिटं झाली की वहिनी छातीला तीन तारा लावत आणि पेन्सिलीएवढा सेन्सर आधी मानेतल्या नाडीवर टेकवत, मग जांघेतल्या. पडद्यावर लाटा उमटत. नाडीचा ठोका मानेशी कधी पोचला आणि जांघेशी कधी, त्यातला वेळ मशीन सांगे. मधलं अंतर वहिनी टेपनं मोजत. भागाकार केला की आकडा मिळे. सेकंदाला इतके मीटर. सात-आठ आला तर ठीक. दहाच्या पुढे गेला की मॅडम चष्मा काढून कागदाकडे बघत, कारण लाट जितकी वेगात तितकी नळी कडक, आणि तितका हृदयाला नि मेंदूला धोका जास्त.

सांगायला सोपं. करायला मात्र हात लागतो. सेन्सर जरा जोरात दाबला की लाट चपटी, जरा हलका धरला की लाट गायब. जाड माणसाच्या जांघेत नाडी सापडेपर्यंत कधी पाव तास जाई. पण वहिनींना ती सापडे. डोळे अर्धवट मिटून, मान किंचित तिरकी करून, बोटांनी ऐकत असल्यासारख्या त्या उभ्या राहत. मॅडम म्हणजे त्या विभागाच्या मोठ्या डॉक्टर; कौतुकाच्या बाबतीत महाकंजूस बाई. पण त्यासुद्धा नव्या डॉक्टरांना खोलीत आणून म्हणत, "हात बघा यांचा. हा मशीनबरोबर मिळत नाही." हे वाक्य वहिनींनी एकोणीस वर्षांत अकरा वेळा ऐकलं होतं. अकरा म्हणजे अकराच.

तेव्हा त्यांना सगळे ताई म्हणायचे. वहिनी हे नाव चिकटलं ते नणंद आल्यावर.

नणंदेला घरात बेबी म्हणत. वय वर्षं एकोणचाळीस, पण बेबी. लग्न मोडून ती भावाकडे राहायला आली तेव्हा तिच्याजवळ दोन बॅगा होत्या आणि चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासण्याचा सात वर्षांचा अनुभव. वहिनींनीच मॅडमकडे शब्द टाकला. "नणंद आहे माझी. हुशार आहे, मशीनला घाबरत नाही." आपणच आपल्या तोंडानं हे बोललो, हे पुढे त्यांना कितीदा आठवलं आणि कितीदा त्यांनी स्वतःच्या जिभेला दोष दिला, त्याला गणती नाही.

पहिल्याच दिवशी बेबी भर वॉर्डातून "वहिनी, डबा घरीच राहिला की तुमचा!" असं ओरडत आली. दुपारपर्यंत नर्सपासून मॅडमपर्यंत सगळ्यांच्या तोंडी वहिनी. एका डब्यापायी एकोणीस वर्षांची ताई गेली. बेबी मात्र आठवड्याभरात बेबीताई झाली. ते ताई कुठून उचललं गेलं, हे वहिनींना बरोबर ठाऊक होतं.

आठ महिन्यांनी नवं मशीन आलं. जाडजूड पुस्तकाएवढी पेटी आणि तिला दंडाला बांधायचा पट्टा, रक्तदाबाचा असतो तसाच. पट्टा बांधायचा, नाव, वय, उंची कॉम्प्युटरवर टाकायची आणि बटण दाबायचं. दोन मिनिटांत तोच आकडा, सेकंदाला इतके मीटर. मानेला हात नाही, जांघेला नाही, कपडे सैल करायची भानगड नाही. शेजारची कपाटांची खोली रिकामी करून तिथे हे मशीन ठेवलं आणि त्यावर बेबीला बसवलं.

मधली भिंत पातळ. पलीकडून हसण्याचे आवाज येत. वहिनींच्या खोलीत माणसं गप्प पडलेली आणि बेबीच्या खोलीत जत्रा. दोन मिनिटांच्या कामाला गप्प काय बसायचं! एकदा एक म्हाताऱ्या बाई वहिनींच्या टेबलावरून उठताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी त्या बेबीताईंकडे पाठवा हो. त्यांना इतकं चाचपावं लागत नाही." वहिनींनी हसून मान डोलावली. हातातली टेप मात्र त्यांनी इतकी घट्ट गुंडाळली की तिची पितळी कड बोटात रुतली.

घरी तरी सुटका असावी, तर तीही नाही. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. बटण दाबलं की जे चालतं त्यावर त्याची श्रद्धा. जेवताना म्हणाला, "दोन मिनिटांत? वा! आणि तुला गं किती लागतात? अर्धा तास?"

"चाळीस मिनिटं," वहिनी म्हणाल्या.

"बेबे, तुला पहिल्यापासूनच डोकं."

"दादा, उगाच काही बोलू नकोस," बेबी म्हणाली. "वहिनींचं काम खरं काम. माझं काय, बटण दाबायचं."

हे तिनं वरवर म्हटलं असतं तर वहिनींना सोपं गेलं असतं. पण ती मनापासून म्हणाली होती, आणि ते दिसत होतं.

मग मॅडमनी ठरवलं की दोन्ही पद्धती शेजारी शेजारी तपासून बघायच्या. साठ पेशंट. प्रत्येकाचं वहिनींनी दोनदा मोजायचं, बेबीनं दोनदा. एकीनं दुसरीचे आकडे बघायचे नाहीत. हिशेब करायला संख्याशास्त्राचे एक सर येत. उंच, वाकलेले, खिशात नेहमी तीन पेनं. ते दर शुक्रवारी येऊन दोघींचे कागद घेऊन जात.

अशी कसोटी लागल्यावर आपला हात काय आहे तो दिसेल, असं वहिनींना वाटलं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी मनापासून काही मागितलं नव्हतं, पण आता रोज सकाळी लिफ्टमध्ये उभ्या राहून त्या एकच गोष्ट मागत : ते मशीन तोंडावर पडू दे.

तीस पेशंट झाल्यावर सरांनी पहिला हिशेब मांडला. मॅडमच्या खोलीत चौघंजण बसले होते.

"हे बघा," सर म्हणाले. "मशीनचं पहिलं मोजमाप नऊ पूर्णांक एक, दुसरं नऊ पूर्णांक एक. दुसऱ्या पेशंटचं सात पूर्णांक आठ, मग सात पूर्णांक नऊ. जवळजवळ प्रत्येकाचं असंच. इतका भरवशाचा आकडा मी फार कमी वेळा बघितलाय."

"आणि हाताचा?" मॅडमनी विचारलं.

सरांनी पेन बदललं. "हाताचा हलतो. आठ पूर्णांक सात, मग नऊ पूर्णांक सहा. माणसाचा हात आहे, चालायचंच."

चालायचंच! वहिनींना वाटलं, त्यापेक्षा सरळ चुकलं म्हणाले असते तर बरं. बेबीनं त्यांच्याकडे बघितलं आणि पटकन नजर खाली वळवली. ती कीव होती. वहिनींना सगळं चाललं असतं, पण कीव नको होती.

त्यात आणखी एक भर पडली. कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करणारी बत्तीस वर्षांची एक बाई त्या साठांत होती. तिला मूत्रपिंडाचा जुना आजार. वहिनींच्या हाताला तिचा आकडा अकरा पूर्णांक आठ आला होता, मशीनला सहा पूर्णांक चार. दोघींच्या आकड्यांत सगळ्यांत मोठी तफावत हीच. मॅडमनी तिला परत बोलावलं. मशीन पुन्हा सहा चार. वहिनींचा या खेपेस दहा नऊ.

"वहिनी," मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या, "हल्ली डोळे दाखवलेत का? नाहीतर थकवा असेल. होतं कधीकधी."

वहिनींना आपल्या बोटांची शंका यायला लागली ती त्या दिवसापासून. घरी भाजी चिरताना मधेच थांबून त्या स्वतःच्या मनगटावर बोटं टेकवून बघत. नाडी लागते की नाही? लागायची. पण लागते असं वाटतंय की खरंच लागतेय? आणि बेबी समोर बसून मटार सोलता सोलता गाणं गुणगुणत असे, तिच्या बोटांना कसलीच शंका नाही.

मग एका मंगळवारी जे व्हायचं ते झालं.

दुपारी नर्सेसचा घोळका बेबीला जेवायला न्यायला आला. "चला बेबीताई!" दारातून वळता वळता एकीला वहिनी दिसल्या. "वहिनी, तुम्ही येताय ना?" ते विचारणं इतकं उशिरा आलं होतं की वहिनी म्हणाल्या, "नको, मला काम आहे." पावलं लिफ्टपाशी गेली, हसणं लिफ्टबरोबर खाली गेलं. वहिनी उठल्या आणि शेजारच्या खोलीत शिरल्या.

त्या तिथे काय करायला गेल्या, हे त्यांना नीट ठाऊक नव्हतं असं म्हणता येईल, पण ते खरं नाही. त्यांना बेबीची चूक हवी होती. सापडली नाही तर करायची होती. कॉम्प्युटर चालू होता. त्यांनी सकाळच्या एका पेशंटची नोंद उघडली, एका निवृत्त बसचालकाची. वय चौसष्ट. त्यांनी सहाचा तीन केला. चौतीस. एवढीशी चूक, घाईत कोणाकडूनही होते. शुक्रवारी सरांच्या नजरेस पडेल, मग भरवशाच्या बाईंचा भरवसा कळेल.

आकडा बदलला आणि वहिनी पडद्याकडे बघतच राहिल्या.

वयाच्या खाली, वेगाच्या चौकटीत, मघाशी दहा पूर्णांक चार होते. आता सहा पूर्णांक आठ.

बसचालक घरी जाऊन जेवून झोपला असेल. त्याच्या दंडाला पट्टा नव्हता. मशीन बंद होतं. तरी त्याच्या रक्तवाहिन्या एका क्षणात तीस वर्षांनी मऊ झाल्या होत्या. वहिनींनी चौतीसचे चौऱ्याऐंशी केले. आकडा चौदाच्या जवळ गेला. पुन्हा चौतीस केले. सहा पूर्णांक आठ.

एवढ्यात लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला. वहिनींनी हाताला लागली ती कळ दाबून नोंद बंद केली. ती जशीच्या तशी जतन झाली, चौतीस वर्षांचा निवृत्त चालक म्हणून. आपल्या खोलीत येऊन त्या खुर्चीत बसल्या. आणि खरं सांगायचं तर त्यांना आनंद झाला होता. हे मशीन रक्तवाहिन्या मोजतच नव्हतं. वय आणि रक्तदाब बघून, या वयाच्या माणसाचा इतका असेल, असा अंदाज फेकत होतं. शिवणवाल्या बाईचं सहा चार तिच्या नळ्यांचं नव्हतंच, ते तिच्या जन्मसालाचं होतं. हात खरा होता! दोन दिवस वहिनी हवेत होत्या. मग ध्यानात आलं की हे कोणाला सांगायचं तर आपल्याला कसं कळलं तेही सांगावं लागणार.

त्यांनी आडून प्रयत्न करून बघितला. बसमधून घरी जाताना बेबीला सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, वय चुकून भलतंच टाकलं तर काय होतं तुझ्या मशीनचं?"

बेबीनं खिडकीबाहेर बघत म्हटलं, "वहिनी, राग नका मानू. पण माझ्या मशीनमध्ये खोड सापडावी म्हणून तुम्ही किती टपलेल्या असता! मी चुकीचं वय टाकतच नाही."

विषय तिथेच संपला.

शुक्रवारी सरांना चौतीस वर्षांचा निवृत्त चालक सापडला. मॅडमचा आवाज भिंतीपलीकडे स्वच्छ ऐकू येत होता. "चौतिसाव्या वर्षी निवृत्ती? बेबीताई, एक नोंद अशी, तर बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवायचा? सगळे कागद पुन्हा तपासा. एकूण एक."

"घाईत झालं असेल, मॅडम," बेबी म्हणाली. "माझीच चूक."

वहिनींना हेच हवं होतं ना? झालं की मनासारखं. पण पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला आणि वहिनींना तो नकोसा झाला. तरी त्या उठल्या नाहीत. शनिवारी बेबी जादा थांबली, सोमवारीही. रोज जुने अर्ज काढून एकेक वय पडताळत होती. वहिनी तिच्यासाठी चहा करून ठेवत आणि तिच्याकडे न बघता कप पुढे सरकवत.

मंगळवारी शिवणवाली बाई आली. मॅडमच्या खोलीतून बाहेर पडली ती चेहरा फुलवून, थेट वहिनींच्या दारात.

"सुटले बाई! सहा महिने यायचं नाही म्हणाल्या मॅडम. तुमच्या मशीननं जीव घाबराघुबरा करून टाकला होता बघा. बेबीताईंच्या मशीननं सोडवलं."

ती निघून गेली. वहिनींच्या आतून आधी सर्रकन कळ गेली ती बेबीताईंच्या नावानं. मग दुसरी, जरा उशिरा, त्या बाईसाठी. बत्तीस वर्षांची बाई अकराच्या आसपासचा आकडा घेऊन, खुशीत, शिवणयंत्रावर जाऊन बसणार होती. आणि ते जगात एकट्या वहिनींना माहीत होतं.

त्या मॅडमच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, "बेबीला बोलवा. तिच्यासमोर सांगायचंय."

सांगताना त्यांनी आडपडदा ठेवला नाही. चालकाचं वय मी बदललं, मुद्दाम बदललं, हिला बोलणी बसावीत म्हणून. मग आकडा बदलला, तो मी बघितला, आणि आठवडाभर गप्प राहिले.

मॅडम उठल्या, शेजारच्या खोलीत जाऊन त्यांनी पट्टा बांधायला हात पुढे केला. बेबीनं खऱ्या वयानं मोजलं, पंचावन्न. आठ सहा. मग वय पंचवीस टाकलं. पाच आठ.

"माहितीपुस्तक कुठाय?" मॅडमनी विचारलं. ते कपाटात, प्लास्टिकच्या वेष्टनासकट होतं. चोविसाव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं : दंडावरची नाडी, रक्तदाब आणि वय यांवरून काढलेला अंदाज. लपवलेलं काही नव्हतं. वाचलं कोणीच नव्हतं.

सरांना फोन लावून सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "दोन मोजण्यांमधल्या दहा मिनिटांत माणसाचं वय बदलत नाही. आकडा हलणार कसा? मी त्यालाच भरवसा म्हणत होतो."

मॅडमनी शिवणवालीला परत बोलावणं धाडलं. नंतर वहिनींकडे वळल्या. "तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. पण पेशंटच्या नोंदीत तुम्ही हात घातलात. हे मला लेखी ठेवावं लागेल." वहिनी हो म्हणाल्या.

व्हरांड्यात बेबीनं त्यांना गाठलं. "एवढ्या जळत होतात माझ्यावर?"

"हो."

"कशासाठी पण? माझ्याकडे आहे काय? घर तुमचं, नवरा तुमचा, नोकरी तुम्ही लावून दिलेली."

जे खुपत होतं ते यादी करून सांगण्यासारखं नव्हतंच. लोक तुझ्याशी हसतात, हे काय कारण झालं?

घरी बेबीनं भावाला एक अक्षर सांगितलं नाही. रोज ताट वाढायला येई, लागेल तेवढंच बोले. वहिनी वाट बघत होत्या, आज सांगेल, उद्या सांगेल, मग भांडण होईल, मोकळं होईल. तिनं सांगितलंच नाही. म्हणजे चांगुलपणातही हीच पुढे! वहिनींना याचाही राग आला, आणि असा राग येतो याची लाज वाटली. शेवटी त्यांनीच नवऱ्याला सांगितलं. तो पान्याला तेल लावत होता, हातातला फडका त्यानं खाली ठेवला. मग म्हणाला, "तू? तिचं बोट धरून तिथे नेणारी तू?" त्यानंतर तीन आठवडे घरात लिफ्टचं आणि हवेचं सोडून कुठलंच बोलणं झालं नाही.

बेबीचा राग निघाला, पण वेगळ्या जागी. एका जाड गृहस्थांचं मोजमाप चालू होतं, मॅडम शेजारी उभ्या होत्या. वहिनींनी मानेपासून जांघेपर्यंत टेप लावली. दारातून बेबी म्हणाली, "मॅडम, टेप पोटावरून जातेय. पोटाच्या घेरानं अंतर वाढतं, म्हणजे वेगही वाढतो. सरळ अंतर धरायला हवं. मला पहिल्या आठवड्यातच दिसलं होतं, वाईट दिसेल म्हणून बोलले नव्हते. आता बोलते."

मॅडमनी गृहस्थांच्या बाजूला लाकडी पट्टी आडवी धरून सरळ अंतर घेतलं. चार सेंटिमीटरचा फरक. दहा दोन होता तो नऊ पाच झाला.

"बारीक माणसाला टेपनं फरक पडत नाही," वहिनी म्हणाल्या, पण आवाज त्यांच्या स्वतःच्याच कानाला लुळा वाटला. एकोणीस वर्षं. किती पोटं! किती जणांना त्यांनी दहाच्या पलीकडे ढकललं असेल? शिवणवाली सडपातळ होती, तिचा आकडा खराच होता. दुसऱ्या हॉस्पिटलातल्या मोठ्या तपासणीतही तेच निघालं आणि तिची औषधं वाढवली. पण बाकीचे? त्या रात्री जेवण झाल्यावर वहिनींनी बेबीला म्हटलं, "तू म्हणालीस ते बरोबर होतं." बेबी म्हणाली, "माहितीये मला." त्यात माफी नव्हती, पण तीन आठवड्यांतलं ते पहिलं सरळ वाक्य होतं.

पुढे अभ्यास नव्यानं सुरू झाला. पट्ट्याचं मशीन तपासणी शिबिरांसाठी ठेवलं. त्याच्या प्रत्येक कागदाखाली, हा आकडा वयावरून काढलेला अंदाज आहे, असं मोठ्या अक्षरांत छापायचं ठरलं. मॅडमनी सरळ अंतर धरायचा लाकडी चिमटा बनवून घेतला. आणि हातानं मोजणारी माणसं दोन असावीत म्हणून बेबीला सेन्सर शिकवायला सांगितलं. शिकवणार कोण? वहिनीच.

वहिनींनी शिकवलं. हातचं राखून ठेवावं असा विचार मनात आला नाही असं नाही. पहिल्याच दिवशी आला. पण बेबीची बोटं मानेवर चाचपडत असताना, नाडीच्या अर्धा इंच अलीकडे थांबलेली बघून, त्यांच्यानं राहवलं नाही. "अगं, इकडे. दाबू नकोस. तिला वर येऊ दे." त्यांनी तिचं बोट धरून जागेवर नेलं. पडद्यावर स्वच्छ लाट उभी राहिली आणि दोघी एकदमच "आली!" म्हणाल्या. मग दोघींनाही अवघडल्यासारखं झालं.

पाच महिन्यांनी सरांनी पुन्हा तिघींना बसवलं. तीच खोली, तीच तीन पेनं. दोघींच्या हातांचे आकडे जवळजवळ जुळत होते. "छान," सर म्हणाले. "आता एकाच पेशंटच्या दोन मोजण्यांतला फरक. वहिनींचा सरासरी शून्य पूर्णांक सहा. पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारला. आणि बेबीताईंचा शून्य पूर्णांक चार."

मॅडम बेबीकडे वळल्या. "हात चांगला आहे हो तुमचा."

बेबी म्हणाली, "वहिनींनी शिकवलंय."

"ते दिसतंच आहे," मॅडम म्हणाल्या, आणि कागद पुढे सरकवला.

वहिनी "येते हं" म्हणून उठल्या. व्हरांड्याच्या टोकाला बेसिन होतं, तिथे जाऊन त्यांनी तोंडावर पाणी मारलं, एकदा, दोनदा. शून्य सहा आणि शून्य चार. एवढ्याशा फरकानं कुठल्या पेशंटचं काही बिघडत नव्हतं, हे त्यांना कळत होतं, आणि कळून काही उपयोग नव्हता. शिकवणारीही आपणच, हे मात्र त्यांनी मनाशी दोनदा घोळवून बघितलं. त्यानं थोडं बरं वाटलं. फार नाही.

पदरानं तोंड पुसून त्या परत आल्या तेव्हा खोलीबाहेरच्या बाकावर एक माणूस टोपी मांडीवर ठेवून बसला होता.

"चहा प्यायलात का आत्ता?" वहिनींनी विचारलं.

"अर्धा कप, बाई."

"मग अर्धा तास बसा, चहानं आकडा चढतो," त्या म्हणाल्या, आणि दिवा लावायला आत गेल्या.